ढाल्याची कात

किडा घेऊ नका वहिनी, असं दिराने तिला अगदी सुरुवातीलाच बजावलं होतं. किडे शिपाई म्हणून नुसते दिसायला बरे. अंगावर चिलखत घेऊनच जन्माला येतात, भिंतीवर चढतात, जमिनीची थरथर पायांनी ओळखतात, हे सगळं खरं. पण लढाईत टिकत नाहीत. कुशीला श्वासाची भोकं, त्यामुळे धूर सोडला की संपले. थंडी पडली की जागच्या जागी आखडतात. हुकूम त्यांना कानाने कळत नाही, वासाने कळतो, आणि बंद यानात सगळे वास एकमेकांत मिसळले की आपला कोण आणि परका कोण याचाच घोळ. सगळ्यात वाईट म्हणजे वाढायचं झालं की कात टाकावी लागते. जुनं कवच पाठीवर उकलतं, आतून ओला, लोण्यासारखा मऊ जीव बाहेर येतो, आणि नवं कवच वाळेपर्यंत त्याला कुणी बोटाने दाबलं तरी तो मरेल. "तुम्ही आपला माणूस घ्या, नाहीतर यंत्र घ्या," दीर म्हणाला होता, "किड्याला सांभाळता सांभाळता बाकीचे जातात." तिने ते हसण्यावारी नेलं. कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन ती बरी पास झालेली होती, झुरळाच्या कुशीची भोकं तिने मेणाच्या ताटलीत टाचण्या टोचून मोजलेली होती, तिला कसले किडे समजावता. शिवाय तेव्हा तिला सातवा महिना होता, आणि ज्याची हाडं बाहेर आणि मऊपणा आत असा एक देह आपल्याला आठवड्यातून दोन तास मिळावा, असं तिला फार वाटत होतं. तो सल्ला तिला पुन्हा आठवला तो त्या रविवारी. तिचा नवरा लॅपटॉपसमोर बसून कप्तानाच्या जड आवाजात म्हणाला, "ढाल्याला इथेच सोडा. यान कुणासाठी थांबणार नाही." आणि तिच्या मांडीवर झोपलेली मुलगी कशानेही हलली नसताना ती मात्र दचकली.

खेळच होता. दीर तो चालवायचा. म्हणजे गोष्ट तो सांगायचा, आणि बाकीच्यांनी तिच्यातल्या एकेका पात्राच्या तोंडून बोलायचं, काय करणार ते सांगायचं, जमलं की फसलं ते फाशांवर ठरायचं. दूरच्या ताऱ्यांमधलं कुठलंसं न संपणारं युद्ध आणि त्यात भाड्याने लढणारी एक फाटकी तुकडी. दर रविवारी चार घरांतून चार चौकटी पडद्यावर उघडायच्या. तिचा नवरा कप्तान. दिराची मैत्रीण तोफवाली. ती खऱ्या आयुष्यात दातांची डॉक्टर होती आणि तोफ डागतानाही "जरा दुखेल हं" म्हणायची. वहिनी म्हणजे ती स्वतः तिरपी, खेकड्यासारखी वाकडी पळणारी किडी. आणि ढाल्या म्हणजे दुसरा किडा, म्हणजे तिचे सासरे.

सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सासूबाई गेल्या तसं त्यांनी ते बंद केलं आणि बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहू लागले. दोन्ही मुलांनी आपल्याकडे या म्हणून मनधरणी केली, तर म्हणाले, पोराच्या घरी गेलो की मी पाहुणा, आणि पाहुण्याच्या हातात टीव्हीचा रिमोट कुणी देत नाही. शेवटी दिराने त्यांना खेळात ओढलं. निदान आठवड्यातून एकदा तरी तोंड उघडतील. कोण काय झालंय ते त्यांनी आधी नीट विचारून घेतलं, आणि सून किडा झाल्याचं कळल्यावर म्हणाले, मग मीही किडाच, सुनेचा किडा एकटा पडायला नको. नंतर ते त्यात भलतेच रमले. किड्याच्या डोळ्यात हजारो भिंगं असतात असं तिने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, एवढ्या भिंगांचा नंबर काढायचा म्हणजे एका गिऱ्हाइकातच म्हातारा होईन गं मी. पण त्यांना खरी आवडायची ती कात. नियम असा होता की मोठ्या लढाईनंतर किड्याने कात टाकायची, आणि कात चालू असताना त्या खेळाडूने चकार शब्द बोलायचा नाही, दिराने कवच वाळल्याचं जाहीर करेपर्यंत. तिला स्वतःला ते कधीच जमायचं नाही, मध्येच तोंडातून काहीतरी निघून जायचं. सासरे मात्र असे गप्प होत की फोन बंद पडला की काय असं वाटावं. जन्मभर गिऱ्हाइकांशी बोलत आलो, ते म्हणत, आता न बोलण्याचा परवाना मिळालाय. त्यांची चौकट तशीही कधी चेहरा दाखवायची नाही. फोन ते टेबलावर उताणा ठेवत, त्यामुळे सगळ्यांना दिसायचं ते त्यांच्या खोलीचं छत आणि फिरणारा पंखा. बाबा, चेहरा दाखवा की, असं सुरुवातीला दोन्ही मुलं म्हणत. मग सवय झाली. पंखा म्हणजे बाबा.

त्या रविवारी दातांच्या डॉक्टरला दुपारी कुठेसं जायचं होतं म्हणून खेळ जेवणानंतरचा जेवणाआधी घेतला होता. सुरुवातीपासूनच सासरे जरा तुटक बोलत होते. फासे कधी टाकायचे ते विसरले, एकदा चिडून म्हणाले की हे सगळं पोरखेळ आहे, आणि दिराने यान बर्फाळ चंद्रावर उतरवलं तेव्हा म्हणाले, "ढाल्याला दरदरून घाम फुटलाय." सगळे हसले. किड्याला घाम येत नसतो बाबा, आणि तोही बर्फात, असं दीर म्हणाला. तीही हसली होती. हसता हसता तिच्या डोक्यात कुठेतरी प्राणिशास्त्राचं पान उलटलं होतं, की खरंच, घामाच्या ग्रंथी नसतातच, आणि ते पान तसंच उघडं राहिलं. मग लढाई झाली, ढाल्या जखमी झाला, कात आली, सासरे गप्प झाले. तोफवाली म्हणाली, काका काय मुरलेत हो, नटाने शिकावं त्यांच्याकडून. दिराने कवच वाळल्याचं जाहीर केलं. पंखा फिरत राहिला. दिराने पुन्हा हाक मारली. नवरा म्हणाला, बाबा, उठा हो, यान सुटतंय. पंखा. मग दिरालाच ती कल्पना आवडली. म्हणाला, काही किडे जुन्या कवचात अडकूनच मरतात, बाबांनी ठरवलंय वाटतं तसं, भारी. आणि मग कप्तान ते ढाल्याला इथेच सोडायचं बोलला.

तिने आजवर इतक्यांदा घाबरून दाखवलं होतं की तिच्या भीतीला घरात बाजारभावच उरला नव्हता. मुलगी जन्मली, सगळे तिला गाठोडं म्हणू लागले, आणि हे गाठोडं झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. एकदा ते नेहमीपेक्षा जास्त झोपलं म्हणून तिने तसंच उचलून दवाखाना गाठला होता. डॉक्टरने स्टेथोस्कोप लावताच गाठोड्याने डोळे उघडले, जांभई दिली आणि डॉक्टरच्या अंगावर शू केली. तपासणी पूर्ण झाली, असं डॉक्टर म्हणाला. घरी ती गोष्ट पाहुण्यांना सांगायची झाली होती. आणि सासऱ्यांचं तर विचारूच नका. एका सकाळी त्यांनी तीनदा फोन उचलला नाही म्हणून तिने त्यांच्या शेजाऱ्याला दार तोडायला लावलं होतं, आणि सासरे अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून बाहेर आले होते. रागावले नाहीत. नवं कुलूप बसवलं, दिवसा आतून कडी लावायचं बंद केलं, जास्तीची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, सूनबाई, मी मेलो तर सगळ्यात आधी तुलाच कळवीन, तोवर दार तोडू नकोस. त्यानंतर ती जपून घाबरू लागली. भीती आली की आधी तिला आत घेऊन बसवायची, पाणी द्यायची, तिची उलटतपासणी घ्यायची. बहुतेक भीत्या तेवढ्यानेच निघून जात. ही जाईना. ही तिच्यासमोर बसून एकच वाक्य म्हणत होती, की त्यांनी ढाल्याचं नाव घेऊन घाम म्हटलं, पण घाम ढाल्याला येत नाही. मग तो आला कुणाला?

आणि त्यांचं मधुमेहाचं सकाळचं इन्सुलिन ठरल्या वेळी घेतलेलं असणार. त्यात ते कधी चुकत नाहीत. जेवण मात्र आज खेळामागे ढकललं गेलं, त्यांनीच खेळ सुरू होताना म्हटलं होतं की काय ते लवकर मारा रे मला, मग मी जेवतो. हे सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकून सगळे पुढे गेले होते, तीसुद्धा.

तिने गाठोडं उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. जन्मल्यापासून तिने ते कुणाच्या भरवशावर ठेवून उंबरठा ओलांडला नव्हता. मी बाबांकडे जाऊन येते, ती म्हणाली. नवऱ्याने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला, तिच्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाला, "परत?"

त्या एका शब्दात दवाखाना होता, टॉवेल होता, रात्री-बेरात्री उठवलेला तो स्वतः होता. वाईट माणूस नव्हता तो, दमलेला होता. तिला वाटलं, बसावं. हात दाखवून अवलक्षण कशाला? पाच मिनिटांत सासरे "काय रे गाढवांनो" म्हणत उठतील आणि आपण पुन्हा एका गोष्टीत अडकू. पायात चपला सरकवताना तिला कळलं की आपण बसणार नाही, आणि का बसणार नाही याचं कारणही आपल्याला देता येणार नाही. खेळ जोडलेला फोन हातात घेऊन ती जिना उतरू लागली. फोनमधून नवरा गमतीत म्हणत होता, तिरपीने हुकूम मोडला, ती ढाल्याकडे परत निघाली. दिराला त्या वळणाने उधाण आलं. वा वहिनी, तो म्हणाला, आणि गोष्ट सांगू लागला.

तर असं झालं की ती खऱ्या रस्त्याने पळत होती आणि तिच्या हातातल्या फोनमधून दीर तिरपीचं पळणं सांगत होता. भुयार अंधारं आहे, तो म्हणत होता, आणि तिच्या डोळ्यांवर दुपारच्या उन्हाची तिरीप येत होती. तिरपीच्या पायांना जमिनीची थरथर जाणवतेय; एक ट्रक तिच्या बाजूने गेला आणि फूटपाथ हलला. समोरून शत्रूचे पहारेकरी येताहेत. दोन बायका सामानाच्या पिशव्या घेऊन रस्ता अडवून बोलत उभ्या होत्या, ती त्यांच्यामधून अंग तिरकं करून निसटली, त्यातली एक म्हणाली, अगं बाई, आग लागलीय का कुठे. फासे टाकतो हं तुमच्यासाठी, दीर म्हणाला. फाशांचा खळखळाट तिने ऐकला. तिला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली, तिथला फॉर्मॅलिनचा वास, आणि मॅडम म्हणायच्या ते, की किड्याला वेदना आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, कारण तो ओरडत नाही, म्हणून टाचणी नीट टोचा. तेव्हा तिने ते वहीत उतरवून घेतलं होतं. बाळंतपणाच्या वेळी ती स्वतः ओरडली नव्हती, आणि नर्सने तिचं कौतुक केलं होतं, किती शहाणी, किती सोसते, आणि त्या कौतुकामुळे नंतरही तिला ओरडता येईना, दुखत असताना, आतून उकलत असताना, आपण आता या मऊ अंगाने जगणार कसं ते कळत नसताना. घरी आल्यावर सगळे बाळाला बघत. तिचं कवच अजून वाळलेलं नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती उभी होती, हसत होती, चहा करत होती. एकट्या सासऱ्यांनी एकदा, बाळ तिच्या हातातून घेता घेता, तिच्याकडे बघून विचारलं होतं, तू जेवलीस का? ती जेवली नव्हती. हो म्हणाली होती. भुयाराच्या तोंडाशी पोचलात, दीर म्हणाला. ती गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या, हे तिला तिथे दिसलं.

किल्ली फिरली. दार उघडलं. आत पंखा फिरत होता, आणि पंख्याखाली सासरे टेबलाशी खुर्चीत बसलेले होते, मान छातीकडे झुकलेली, सदरा भिजून अंगाला चिकटलेला. समोर झाकलेलं ताट होतं. डोळे उघडे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण एखाद्या दुकानात शिरलेल्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं. तिने वाकून त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. थंडगार, ओला. त्यांच्या पुढ्यातल्या फोनमधून दिराचा आवाज येत होता, "आणि तिरपी पाहते तर काय," एवढं म्हणून तो आवाज थांबला. कारण इतके दिवस ज्या चौकटीत छताशिवाय काही दिसलं नव्हतं तिच्यात पंख्याच्या खाली एकदम तिचा चेहरा आला होता, घामाने डबडबलेला, केस सुटलेला, उलटा.

"खेळ थांबवा," ती म्हणाली. "बाबांची शुगर उतरलीय. बघत आहेत, पण ओळखत नाहीत."

मग तोफवालीचा आवाज आला, पण तोफवालीचा नव्हे, दवाखान्यातला, सपाट आणि भरवशाचा. आधी एक चमचाभर पाणी द्या आणि गिळतायत का बघा, ती म्हणाली. गिळत असतील तर साखर पाण्यात, थोडी थोडी, घाई नको. गिळत नसतील तर तोंडात काही घालू नका, मी इकडून अँब्युलन्स सांगते. सासऱ्यांनी पाणी गिळलं. मग साखर कुठे आहे ते तिला कळेना. मधुमेहाच्या घरात साखर कुठे असणार? डब्यांमागून डबे तिने उघडले, डाळ, मीठ, चहा, पुन्हा डाळ, आणि हाताला आतल्या बाजूला एक लहानशी बरणी लागली, अर्धी भरलेली. सून आली की तिच्या चहात दोन चमचे घालायचे, म्हणून ठेवलेली. ती साखर तिने पाण्यात ढवळली आणि चमच्या-चमच्याने त्यांना पाजली. पहिले काही चमचे त्यांनी तिचा हात ढकलला, "सरक तिकडे, दुकान बंद झालंय," असं काहीतरी पुटपुटले. ती सरकली नाही. चमचा पुढे केला, ओठ पुसले, पुन्हा चमचा. तिच्या हाताला जराही कंप नव्हता, हे तिच्या लक्षात आलं, आणि एरवी गाठोड्याला साधं औषध पाजतानाही तो थरथरतो हेही. इतके दिवस जी भीती तिच्या अंगात बिनपत्त्याच्या पाकिटासारखी फिरत होती तिला आज पत्ता मिळाला होता, आणि पत्ता मिळाल्यावर भीतीला फारसं काही करायचं उरत नाही, जे करायचं ते हातच करतात.

त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला तो डोळ्यांकडून. आधी डोळ्यांनी तिला ओळखलं, मग भुवयांनी, मग त्यांनी चमच्याकडे नाराजीने पाहिलं.

"केवढी साखर घालतेस," ते म्हणाले.

ती हसली, आणि हसताना तिला इतकं मोकळं वाटलं की ती तशीच जमिनीवर, त्यांच्या खुर्चीला टेकून बसली. फोनमधून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. दीर होता. सासऱ्यांनी फोन उचलून डोळ्यांसमोर धरला. त्यांचा चेहरा त्या चौकटीत पहिल्यांदाच आला असावा. ढाल्या मेला का, त्यांनी विचारलं. दिराने मानेनेच नाही म्हटलं. "मग तसं सांग," सासरे म्हणाले, "खेळ असा अर्धवट टाकू नये." दिराने गोष्ट पुन्हा उचलली. ढाल्याची कात पूर्ण झाली, तो म्हणाला, कवच अजून ओलं आहे, त्याला कुणी हात लावू नका, यान थांबलंय.

नवरा धापा टाकत आला तेव्हा गाठोडं त्याच्या खांद्यावर होतं, झबलं उलटं घातलेलं, आणि मजेत होतं. तो दारातच उभा राहिला. वडिलांना ताटावर बसलेलं पाहून त्याने डोळे मिटले, उघडले, मग बायकोकडे बघितलं. काही बोलला नाही. तिला ते बरं वाटलं. तो काही बोलला असता तर तिला त्याची समजूत घालावी लागली असती. दातांच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं तसं तो वडिलांशेजारी बसून त्यांना घास घ्यायला लावत राहिला, थोड्या वेळाने साखर तपासून आकडा बघितला, इन्सुलिनच्या डॉक्टरांना फोन लावला. घाम फुटला तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला, त्याने विचारलं, मग उठला का नाहीत? सासरे थोडे ओशाळले. कळलं होतं, म्हणाले. आता उठतो, कात झाली की उठतो, असं म्हणत होतो मनात. मग आवाज खाली आणून, सुनेला ऐकू जाऊ नये असं दाखवत पण तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळे वाहवा करत होते रे. मध्येच कसा उठणार?"

ते ऐकून ती खिडकीकडे वळली. खाली गल्लीत रविवारची सुस्त रहदारी होती, कुणी सायकलची साखळी चढवत होतं, समोरच्या गॅलरीत धुणं वाळत होतं, आणि हे सगळं आहे तसंच, जागच्या जागी आहे याचं तिला केवढंतरी सुख वाटत होतं. किडे शिपाई म्हणून टिकत नाहीत असं दीर म्हणायचा, आणि त्याची कारणंही देऊन ठेवायचा, थंडी, धूर, वास. खरं कारण त्याच्याही यादीत नव्हतं. किडा उत्तम शिपाई असतो. तो ओरडत नाही, म्हणून सगळे त्याला उत्तम म्हणतात, आणि उत्तम म्हणवून घेता घेताच तो जातो. तिला सपाटून भूक लागली होती. सासऱ्यांच्या ताटातला उरलेला अर्धा भाग तिने कुणाला न विचारता ओढून घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. "तू अजून जेवली नव्हतीस?" नवऱ्याने विचारलं. नाही, ती म्हणाली. सकाळीही नाही. हे तिने पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं होतं, आणि आभाळ कोसळलं नाही. नवरा उठला आणि आणखी वाढून आणायला आत गेला, एवढंच झालं.

उपदेश करायचा तिचा स्वभाव नाही. पण हे वाचणाऱ्याकडे तिचं एक मागणं आहे, आणि ते ती संकोच सोडून मागते. तुमच्याही माणसांत कुणीतरी असेल, ज्याचं काहीच म्हणणं नसतं. शहाणा आहे, सोसतो, कुणाला त्रास देत नाही, असं तुम्ही सगळे त्याच्याबद्दल कौतुकाने बोलता. आज त्याच्याकडे जा. फोनवर भागवू नका, चपला मिळतील त्या घाला आणि जा. कुणी "परत?" म्हणालं तर म्हणू द्या. तो दार उघडेल, बरं आहे म्हणेल, जेवलो म्हणेल. तरी आत जा, आणि तुमच्या डोळ्यांदेखत तो दोन घास खाईपर्यंत उठू नका.